झिंकची चौदावी गोळी: आरोग्य उपक्रम खरंच चालतोय का, हे तपासायचं कसं आणि सुधारायचं कसं

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यात एका पाड्यावर काही वर्षांपूर्वी मी एका घरात बसलो होतो. उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये त्या घरातल्या दीड वर्षाच्या पोरीच्या नावापुढे ‘ओआरएस दिले, झिंक दिले’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. आईनं फळीवरचा पत्र्याचा डबा खाली काढला. आत झिंकची पट्टी होती आणि तीत अकरा गोळ्या शिल्लक होत्या. “हगवण थांबली ना तिसऱ्या दिवशी, मग कशाला द्यायची?” ती म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं, चौदा दिवसांचं कारण तिला कुणी सांगितलंच नव्हतं. रजिस्टरही खोटं नव्हतं, कारण पट्टी खरोखर दिलेली होती. त्या रकान्यात विचारलेलंच तेवढं होतं.

सार्वजनिक आरोग्यात बहुतेक वेळा असंच घडतं. उपाय सिद्ध झालेला असतो, औषध आलेलं असतं, प्रशिक्षणही झालेलं असतं. तरी उपाय आणि मूल यांच्यामधे कुठेतरी गळती असते, आणि महिन्याच्या अहवालात ती दिसत नाही. ती गळती नेमकी कुठे आहे ते शोधायचं कसं आणि बुजवायची कशी, ते मी इथे लिहितो आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, उपकेंद्राचे समुदाय आरोग्य अधिकारी, आशांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या गटप्रवर्तक आणि संस्थांमधून काम करणारे लोक माझ्या डोळ्यांपुढे आहेत. उदाहरण मुलांच्या जुलाबाचं घेतो आणि भाग सुरगाणा-पेठचा. हीच रीत रक्तक्षयाच्या गोळ्यांना किंवा शहरातल्या डेंग्यूला लावता येते.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘आमच्या भागातला अतिसार नियंत्रण कार्यक्रम कसा चालला आहे?’ हे बैठकीच्या फलकावर शोभतं, पण त्याचं उत्तर मोजता येत नाही. मोजता येणारा प्रश्न असा असतो: ‘आमच्या केंद्राच्या हद्दीत १५ ते ३० दिवसांपूर्वी ज्यांना जुलाब सुरू झाले अशा, दोन महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी किती जणांना ओआरएस आणि झिंक दोन्ही मिळालं, आणि किती जणांनी झिंक पूर्ण चौदा दिवस घेतलं?’

यातल्या ‘१५ ते ३० दिवस’ या शब्दांवर मी एकदा तोंडघशी पडलो आहे. मोठ्या सर्वेक्षणांत ‘गेल्या दोन आठवड्यांत जुलाब झाले का’ असं विचारतात, म्हणून मीही तसंच विचारलं. सगळी घरं फिरून झाल्यावर लक्षात आलं की ज्या मुलाला आठ दिवसांपूर्वी जुलाब सुरू झाले त्याचे चौदा दिवस पुरे होणारच कसे! दोन दिवसांची पायपीट वाया गेली. प्रश्न लिहून झाला की तो एखाद्या आशाताईला वाचून दाखवा. असल्या चुका त्यांना आपल्याआधी दिसतात.

दुसरी पायरी: उपायामागचा पुरावा स्वतः तपासा

‘वरून आलं आहे’ हा पुरावा नव्हे. तीन गोष्टी बघायच्या: पुरावा किती पक्का आहे, तो कोणत्या लोकांवर मिळालेला आहे, आणि त्या लोकांची परिस्थिती आपल्यासारखी आहे का.

ओआरएसच्या बाबतीत फार डोकं खाजवायला नको. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं मिश्रण पाकिटांत भरून नातेवाइकांच्या हाती दिलं. छावणीतल्या कॉलराच्या रुग्णांचं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. त्यानंतरच्या अर्धशतकात या उपायाची जगभर परीक्षा झाली आणि तो टिकला.

झिंकचं थोडं वेगळं आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्ये ओआरएसबरोबर झिंक देण्याची शिफारस केली: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहानाला १० मिलिग्रॅम. झिंकनं जुलाब लवकर थांबतात आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा होण्याची शक्यता कमी होते. हा दुसरा फायदा हवा असेल तर जुलाब थांबल्यावरही गोळी चालू ठेवावी लागते. पत्र्याच्या डब्यातल्या त्या अकरा गोळ्यांचं महत्त्व एवढ्यासाठी. फायदा जास्त करून सहा महिन्यांवरच्या मुलांत आणि कुपोषित मुलांत दिसला आहे, अगदी लहान बाळांत पुरावा कच्चा आहे. पुढे २०२० मध्ये भारत आणि टांझानियातल्या ४५०० मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५ आणि १० मिलिग्रॅमचा डोस २० मिलिग्रॅमइतकाच कामाचा ठरला आणि उलट्या मात्र कमी झाल्या. म्हणून पुरावा एकदा वाचून कपाटात ठेवायचा नसतो, दर दोन वर्षांनी पुन्हा बघायचा असतो. तरी आपल्याकडच्या अधिकृत सूचना बदलेपर्यंत आपण मनानं डोस बदलायचा नाही. उलट्यांची तक्रार मात्र खरी असते, तिला ‘आयांचे बहाणे’ म्हणून झटकू नये.

आता दुसरी बाजू. ओडिशातल्या पुरी जिल्ह्यात शंभर गावांत संडास बांधण्याच्या मोहिमेची चाचणी झाली, ती २०१४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापून आली. मोहिमेच्या गावांत संडास असलेली घरं ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेली. मुलांच्या जुलाबात मात्र फरक पडला नाही. बांधकाम झालं, पण वापर पुरेसा झाला नाही. पाणी, हात धुणं आणि स्वच्छता यांवर बांगलादेश आणि केनियात एकाच धर्तीच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांचे निकाल २०१८ मध्ये आले. बांगलादेशात जुलाब कमी झाले, केनियात झाले नाहीत. दुसरीकडे चाललं ते आपल्याकडे चालेलच, असं गृहीत धरू नका, एवढं मी यातून घेतलं. नाशिकमध्ये म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या जनऔषधवैद्यक (कम्युनिटी मेडिसिन) विभागातल्या एखाद्या शिक्षकाला गाठलं तर पुरावा वाचायला मदत मिळते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवाच असतो.

तिसरी पायरी: गळतीची साखळी काढा

मला विचाराल तर सगळ्या कामात ही पायरी सर्वांत मोलाची, आणि हिला लागतो फक्त एक कोरा कागद. मूल आजारी पडल्यापासून उपाय पूर्ण होईपर्यंत काय काय घडावं लागतं ते क्रमानं लिहायचं. आमच्या उदाहरणात: मुलाला जुलाब झाले, आशाला किंवा अंगणवाडीताईला कळलं, ओआरएस हातात पडलं, झिंकही पडलं, ओआरएस एक लिटर पाण्यात कालवलं, झिंक पहिल्या दिवशी दिलं, चौदाव्या दिवसापर्यंत दिलं.

हिशेब कळावा म्हणून काल्पनिक आकडे घेऊ. समजा १०० मुलांना जुलाब झाले. ७० जणांचं आशाला कळलं. ६५ जणांना ओआरएस मिळालं, ६० जणांना झिंक. ५५ जणांनी गोळी सुरू केली, १८ जणांनी चौदा दिवस पूर्ण केली. मासिक अहवाल सांगेल, ‘कळलेल्या ७० पैकी ६० जणांना झिंक, म्हणजे ८६ टक्के.’ टाळ्या! शंभर मुलांच्या बाजूनं बघितलं तर उपाय अठराच जणांना पूर्ण मिळाला. मोठ्या गळत्या दोन आहेत: सुरुवातीला न कळलेली ३० मुलं आणि शेवटी गळालेली ३७. मधे पाकिटं वाटण्यात फारसं काही हरवत नाही. म्हणजे आणखी एक ‘वाटप मेळावा’ घेऊन काय साधणार?

देशाचं चित्रही बघून ठेवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जुलाब झालेल्या मुलांपैकी ६०.६ टक्क्यांना ओआरएस मिळालं होतं, झिंक ३०.५ टक्क्यांना. आपल्या उपकेंद्राचा आकडा ९८ टक्के असेल तर आनंद मानण्याआधी जरा शंका घ्यावी.

चौथी पायरी: भागाकारातला खालचा आकडा सांभाळा

वरच्या आकड्याचं सगळ्यांना कौतुक असतं. खालचा आकडा, म्हणजे एकूण मुलं किती, तो कुणी बघत नाही. आपल्या जिल्ह्यात तर तो हंगामाप्रमाणे हलतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडची कुटुंबं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात सकाळी उभं राहिलं की अर्धा पेठ तालुका भेटतो. लेकरं बरोबरच असतात. मग डिसेंबरात पाड्यावरचे जुलाब कमी झाले याचं श्रेय कुणाला द्यायचं? मुलंच तिथे नाहीत. त्यांना झालेले जुलाब निफाडच्या एखाद्या खासगी दवाखान्यात जातात आणि कुठल्याच रजिस्टरला लागत नाहीत.

म्हणून दर महिन्याला आशाकडून एवढंच घ्या: पाच वर्षांखालची मुलं नोंदीत किती आणि आज गावात किती.

आकडे कुठून येतात तेही माहीत असावं. साथरोग सर्वेक्षणाच्या आयएचआयपी पोर्टलवर तीन प्रकारची नोंद होते: आरोग्य सेवक-सेविकांनी टिपलेले संशयित रुग्ण, डॉक्टरांनी निदान केलेले, आणि प्रयोगशाळेत पक्के ठरलेले. या तिन्हींची एकमेकांत बेरीज करू नये. शिवाय भगताकडे किंवा बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या ‘सुईवाल्या’ डॉक्टरकडे गेलेलं मूल तिन्हींत नसतं. पाण्याच्या नोंदी वेगळ्या वहीत असतात, टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, कधी टाकली आणि पाण्यात क्लोरीन आहे का हे दाखवणारी ओटी टेस्ट काय आली ते तिथे मिळेल. त्या वहीत पावसाळाभर एकसारखी ‘ओटी पॉझिटिव्ह’ दिसली तर एकदा ओटीची बाटली घेऊन स्वतः नळाशी किंवा विहिरीशी जा. मी गेलो आहे. जास्त सांगत नाही.

पाचवी पायरी: एकोणीस घरं

आता प्रत्यक्ष मोजणी. एवढ्या मोठ्या हद्दीत सगळी घरं कशी फिरणार, असं सगळे विचारतात. फिरायची गरजच नाही. लासलगावच्या बाजार समितीत व्यापारी ट्रॅक्टर-ट्रॉलीतले सगळे कांदे मोजत नाही. चार ठिकाणचे कांदे हातात घेऊन बघतो आणि बोली लावतो. कारखान्यातल्या मालाची तपासणी याच धर्तीवर करण्याची शास्त्रशुद्ध रीत १९२० च्या दशकात अमेरिकेत बसवली गेली, पुढे ती आरोग्य क्षेत्रात आली. एका देखरेख क्षेत्रातली, म्हणजे आपल्याकडे एका उपकेंद्रातली, १९ मुलं चिठ्ठ्या टाकून निवडायची आणि एकाच प्रश्नाचं ‘हो’ किंवा ‘नाही’ नोंदवायचं.

निकाल असा लावतात. लक्ष्य ८० टक्के असेल तर १९ पैकी १३ किंवा जास्त ‘हो’ आले की उपकेंद्र पास. १२ किंवा कमी आले तर तिथे काम हवं. लक्ष्य ५० टक्के असेल तर ७ ‘हो’ पुरतात, ७० टक्क्यांना ११ लागतात, ९० टक्क्यांना १५. ‘१९ चे ८० टक्के म्हणजे १५, मग १३ वर पास कसं?’ असं प्रत्येक प्रशिक्षणात कुणीतरी विचारतंच. नमुना लहान असल्यामुळे नशिबाचा खेळ थोडा असतो, त्याची सूट या आकड्यात धरलेली आहे. या नियमानं खरोखर ८० टक्क्यांचं उपकेंद्र नापास होण्याची, किंवा ५० टक्क्यांचं पास होण्याची शक्यता दहा टक्क्यांपेक्षा कमी राहते. पाच उपकेंद्रांचे मिळून ९५ नमुने झाले की संपूर्ण केंद्राची टक्केवारीही काढता येते, साधारण दहा टक्के इकडे-तिकडे धरून. उपकेंद्रांच्या लोकसंख्येत फार फरक असेल तर मात्र साधी सरासरी काढू नका, लोकसंख्येप्रमाणे वजन द्या.

एक अडचण आधीच सांगतो. आदिवासी भागात उपकेंद्र ३००० लोकसंख्येचं धरतात. त्यात पाच वर्षांखालची मुलं साधारण ३००. त्यातल्या सातेक टक्क्यांना दोन आठवड्यांच्या काळात जुलाब झाले असं धरलं तर मुलं भरतात वीस-बावीस. म्हणजे १९ शोधायला जवळजवळ सगळी घरं पालथी घालावी लागतील. यावर दोन मार्ग आहेत. एक, मोजणी जुलै-ऑगस्टमध्ये करायची, तेव्हा रुग्ण जास्त असतात. दोन, आशा, अंगणवाडी आणि दवाखाना यांच्याकडून दर आठवड्याला नावांची यादी घेऊन तीतून चिठ्ठ्या टाकायच्या. दुसऱ्या मार्गात आशाला न कळलेली मुलं निसटतात, आणि आपली पहिली मोठी गळती तर तीच! म्हणून यादीतल्या प्रत्येक घराशेजारच्या पाच घरांत ‘महिन्याभरात इथे कुणा लेकराला हगवण लागली होती का?’ एवढं विचारून यायचं. यादीबाहेरची किती सापडली ते वेगळं लिहायचं.

नमुना निवडताना ट्रॉलीच्या वरच्या थरातले कांदे घेऊ नका. शेतकरी चांगला माल वर लावतो, हे व्यापाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून तो हात आत घालतो. आपल्याकडे वरचा थर म्हणजे डांबरी रस्त्यालगतचा पाडा आणि आशाताईंच्या ओळखीची घरं. आत हात घालायचा म्हणजे ओढ्यापलीकडच्या वस्तीची चिठ्ठी निघाली तर तिथेच जायचं, ‘पाणी फार आहे हो’ म्हणून चिठ्ठी बदलायची नाही. ओढा उतरल्यावर जा, पण जा.

घरात गेल्यावर विचारण्यापेक्षा बघा. ‘गोळी दिली का?’ म्हटलं की उत्तर ‘हो’च येतं. ‘पट्टी दाखवता का?’ म्हटलं की खरं कळतं. ‘ओआरएस कसं करता?’ विचारू नका, रिकामं पाकीट आणि भांडी पुढे ठेवून ‘करून दाखवा’ म्हणा. अख्खं पाकीट पेलाभर पाण्यात ओतताना मी कितीदा पाहिलं आहे. तसलं दाट मिश्रण मुलाला अपाय करतं.

मोजायला त्याच गावची आशा किंवा त्याच उपकेंद्राची सिस्टर पाठवू नका. उंबरठाणकडच्या लोकांनी बाऱ्ह्याकडे जावं, बाऱ्ह्याच्यांनी उंबरठाणला. अहवालात कुणा आशाताईचं नाव येणार नाही, हे पहिल्या बैठकीत तोंडानं सांगा आणि शेवटपर्यंत पाळा. एकीला जरी या मोजणीवरून नोटीस गेली, तर पुढच्या वेळी सगळ्या पट्ट्या रिकाम्या सापडतील. तेही मी पाहिलं आहे.

सहावी पायरी: तुलना कशाशी?

नाशिक शहरात दर वर्षी पाऊस सरता सरता डेंग्यू वाढतो. ओरड होते, गल्लोगल्ली धूर फवारतात. मग थंडी पडते, रुग्ण कमी होतात आणि श्रेय धुराला मिळतं. धूर काय करतो? त्या वेळी उडत असलेले डास मारतो. फ्रिजमागच्या ट्रेमधल्या आणि कुंडीखालच्या थाळीतल्या अळ्या तशाच राहतात, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. ‘आधी आणि नंतर’ एवढीच तुलना केली की ऋतूचं काम आपल्या नावावर जमा होतं.

तुलना करायची तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा आणि जिथे उपाय सुरू नाही अशा शेजारच्या भागाशीही करा. महाराष्ट्रातलं उत्तम उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत केला आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. दोन्हीकडे जन्म-मृत्यूची नोंद सारख्याच काटेकोरपणे होत होती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला की नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. तुलनेची गावं नसती तर ‘काळाबरोबर झालं असेल’ म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं. २०११ पासून देशभरच्या आशा बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्यामागे हे काम आहे.

आपल्याला उपायापासून कुणाला वंचित ठेवायचं नसतं, मग तुलना कशी करायची? सगळीकडे एकाच दिवशी सुरुवात करायची ताकद तशीही नसते. त्याचाच उपयोग करा. पाच उपकेंद्रांच्या चिठ्ठ्या टाका, दर महिन्याला एकेक जोडत जा. उरलेली तोवर आपोआप तुलनेला मिळतात. चिठ्ठी सगळ्यांसमोर काढली की ‘आमच्याकडे आधी का नाही’ ही तक्रारही मिटते.

आणखी काय बदललं तेही लिहून ठेवा: नवी पाणी योजना, बंद पडलेला हातपंप, लस. रोटाव्हायरसची लस देशात २०१६ पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि २०१९ पर्यंत सर्व राज्यांत पोचली. त्या काळात मुलांचे गंभीर जुलाब घटले असतील तर त्यात लसीचाही वाटा असणार, सगळं श्रेय झिंकच्या पदरात टाकता येत नाही.

सातवी पायरी: गळती का होते, ते त्यांनाच विचारा

आकडा गळतीची जागा दाखवतो, कारण सांगत नाही. त्यासाठी सात-आठ आयांशी, दोन-तीन आशांशी, औषध भांडार सांभाळणाऱ्याशी आणि जमलं तर भगताशीही निवांत बोलावं लागतं. फॉर्म न घेता जावं, कामाच्या वेळेत जाऊ नये.

मला मिळालेली काही उत्तरं देतो. गोळीची चव धातूसारखी लागते, मूल थुंकतं. आज्जी म्हणते, दात येताना हगवण व्हायचीच. आई शेतावर आणि मूल मोठ्या बहिणीजवळ, तिला गोळी माहीत नाही. पट्टी दहा गोळ्यांची आली तर आईला वाटतं औषध दहा दिवसांचंच. हे शेवटचं कारण कुठल्याही प्रशिक्षणानं जाणार नाही, दुसरी पट्टी बरोबर देऊनच जाईल. एकदा तर झिंक भांडारात होतं पण पाड्यावर नव्हतं, कारण आशाच्या औषधपेटीची मागणी महिन्यातून एकदाच जायची आणि पहिल्याच आठवड्यात पेटी रिकामी व्हायची.

आठवी पायरी: छोटा बदल, लगेच तपासणी

बदल करण्याआधी उपायाचे दोन भाग पाडा: ज्याला हात लावायचा नाही तो गाभा, आणि आपल्या भागाप्रमाणे बदलता येणारं बाकी सगळं. एक पाकीट एक लिटर पाण्यात, तयार पाणी चोवीस तासांनी टाकून द्यायचं, झिंक चौदा दिवस, अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, हा गाभा. बाकी बदला. ‘अतिसार’ न म्हणता ‘हगवण’ म्हणा, गरज असेल तिथे कोकणा बोलीत बोला. लिटरचं माप म्हणून बाजारात मिळणारी लिटरची पाण्याची रिकामी बाटली दाखवा, ती आता पाड्यापाड्यावर असते. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून द्यायला शिकवा. भाताची पेज, नागलीची आंबील चालू ठेवायला सांगा, बंद करायला नको.

मग एकच बदल निवडून एका आशाबरोबर, एका आठवड्यात, तीन-चार घरांत करून बघा. उदाहरणार्थ, चौदा चौकटींचा कागद दाराआड चिकटवायचा, गोळी दिली की मोठ्या बहिणीनं चुलीतल्या कोळशानं फुली मारायची. आठवड्यानं जा. कागद टिकला का? फुल्या आणि उरलेल्या गोळ्या जुळतात का? कागद पावसानं गळून पडला असेल तर दुसरं काही शोधा. चार घरांत फसलेला बदल स्वस्त असतो. साऱ्या तालुक्यात छापून वाटलेला फसला की तो कुणी कबूलही करत नाही.

बदल टिकतोय का हे बघायला भिंतीवर एक आलेख पुरतो. दर पंधरवड्याला ‘चौदा दिवस पूर्ण केलेली मुलं’ किती टक्के, याचा एक ठिपका द्या. बदलाआधीचे निदान दहा ठिपके हाताशी असावेत, म्हणून सुरुवात आजच करा. त्या जुन्या ठिपक्यांचा मध्यांक (चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढून आडवी रेघ मारा. बदलानंतर सलग सहा ठिपके रेघेच्या वर आले तर फरक खरा मानायला हरकत नाही. दोन ठिपके वर गेले म्हणून पेढे वाटू नका, तिसरा खाली आला म्हणून कुणाला झापूही नका. पंधरवड्यात मुलं पाचसातच असतील तर टक्केवारी उड्या मारते, मग महिन्याचा ठिपका घ्या.

काय बंद करायचं

याबद्दल कुणी बोलत नाही. आशाताईंच्या खांद्यावर आधीच इतकी रजिस्टरं आहेत की नवं काही घालताना जुनं काहीतरी उतरवावंच लागतं. पाण्यासारख्या साध्या जुलाबाला अँटिबायोटिक देणं थांबवा. रक्त पडत असेल किंवा कॉलराचा संशय असेल तर गोष्ट निराळी, तिथे डॉक्टरांनी बघायचं. तीच माहिती तीन वह्यांत लिहिणं थांबवा. घोषणांच्या फेऱ्यांनी शाळेतल्या मुलांची करमणूक होते, पण त्यांनी घरात गोळी पोचल्याचं मला कुठे दिसलेलं नाही.

परवानगीचं थोडक्यात. आपल्याच कार्यक्रमाची पडताळणी असेल तर तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं लेखी पत्र घ्या. निष्कर्ष प्रसिद्ध करायचे असतील किंवा कुठे उपाय देऊन कुठे न देऊन बघायचं असेल, तर आधी वैद्यकीय महाविद्यालयाच्या नैतिक समितीकडे जा, नंतर गेलात तर उपयोग नाही. घरात शिरताना कारण सांगून हो म्हणवून घ्या. एखादं मूल खूप सुकलेलं दिसलं, डोळे खोल गेलेले, पाणी पीत नसलेलं, तर फॉर्म बाजूला ठेवा आणि त्याला दवाखान्यात न्या. त्या दिवशी एकोणीसची अठरा झाली तरी चालतील.

निकाल एका पानावर मावला पाहिजे: साखळी, दोन मोठ्या गळत्या, केलेला बदल, आलेख. ते पान तालुक्याला द्याच, पण ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीतही वाचून दाखवा. समितीचा थोडाफार निधी असतो. मोजमापाच्या बाटल्या किंवा ओटीची औषधं त्यातून येऊ शकतात, आणि सरपंचांसमोर वाचलेलं पान विसरलं जात नाही.

दुसरी मोजणी तीन महिन्यांनी घ्या, तीच पद्धत, नव्या चिठ्ठ्या. ती द्राक्षाच्या हंगामात आली तर पाड्यावर बसून राहू नका. यादी घेऊन दिंडोरी-निफाडकडच्या मळ्यांतल्या मजूर वस्त्यांवर जा. बागायतदाराला आदल्या दिवशी फोन करा आणि सकाळी सातच्या आत किंवा अंधार पडल्यावर पोचा, मधल्या वेळात सगळे बागेत असतात. झिंकच्या पट्ट्या बरोबर ठेवा. हंगाम संपेपर्यंत त्या मुलांना गोळ्या तिथल्या उपकेंद्रानं द्यायच्या की गावच्या, हे ठरवायला दोन्ही तालुक्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांना आधी एका खोलीत बसवावं लागेल. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो, म्हणून पत्र गणपतीच्या आधीच टाकून ठेवा.